तेल गळते कुठून?

मंडळी, १९४१ साली अमेरिकेत लष्करासाठी विलीज जीप बनू लागली. तसली जुनी जीप कुणी कुणी अजून जपतात. तिच्याखाली तेल दिसले, की आपण म्हणतो, “जुनी गाडी, गळायचीच!” पण तिचा हँडब्रेक असतो गिअरबॉक्सच्या मागच्या अंगाला. त्यावर तेल गेले, तर उतारावर गाडी धरणार नाही.

म्हणून आपण गळती शोधू. गाडी सपाटीवर लावू, चाकांना दगड देऊ. गार झालेला गिअरबॉक्स पुसून कोरडा करू. थोडी फेरी मारून पुन्हा पाहू. तेल खाली अन् मागे ओघळते. म्हणून ओल धरून वर, पुढे शोधत जाऊ.

सील बदलण्याआधी हवेचे भोक पाहू. ते मातीने बुजले, तर आतली तापलेली हवा तेल बाहेर ढकलते. मग नवे सीलही गळते.