संकटाचे दिवस आणि मुलांची शाळा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



चिटणीस साहेबांनी मला शिक्षणावर चार शब्द बोलावयास सांगितले. शिक्षणाचे महत्त्व तुम्हांला नव्याने सांगण्याची गरज नाही. ज्या घरचा बाप वीस-वीस वर्षे आखातात राबून इकडे मुलांच्या फिया भरतो, त्या घराला ते मी काय सांगावे? म्हणून या मोठ्या विषयाची एकच बाजू आज घेतो. घरावर किंवा गावावर संकट आले म्हणजे मुलांच्या शाळेचे काय होते, आणि तेव्हा आपण काय करावे?

आपल्या कोकणाला संकट नवे नाही. जुलै २००५ मध्ये महाड-चिपळूण पाण्याखाली गेले आणि दासगाव, जुई येथे दरडी कोसळल्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील बागा आडव्या केल्या, शाळांचे पत्रे उडविले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि सावित्री या दोन्ही नद्या गावांत शिरल्या, आणि त्याच दिवशी तळिये येथे डोंगर खाली आला.

त्या २०२१ च्या पुराकडे मी शिक्षक म्हणून पाहतो तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसते. करोनामुळे शाळांचे वर्ग मार्च २०२० पासून बहुतांशी बंदच होते आणि शिकवणे मोबाइलवर चालले होते. म्हणजे मुलाची शाळा ती काय त्या हातभर अंतरावरच्या यंत्रात! पुराच्या पाण्यात तो मोबाइल गेला, की वर्ग, फळा, मास्तर सारे एका रात्रीत वाहून गेले. दहावीचा निकाल १६ जुलैला लागलेला, म्हणजे पुराच्या अगोदर अवघे सहा दिवस. अकरावीच्या प्रवेशासाठी कागद जमविण्याचे दिवस ते, आणि कागद मात्र चिखलात.

अशा वेळी मदत येते. आपल्या जमाती, शेजारची गावे, दूरच्या शहरांतील मंडळी धावून येतात. तांदूळ, डाळ, चादरी, औषधे येतात. त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडेच. पण मदतीची यादी करणाऱ्या हातांना माझी विनंती आहे: त्या यादीत वह्या, कंपास, दप्तर आणि दहावीच्या मुलासाठी पुस्तकांचा एक संच हेही लिहा. तांदूळ पंधरा दिवस पुरतो. पंधरा दिवसांनंतर मुलगा घरी नुसता बसून असेल, तर कोणीतरी म्हणतोच, "बसून काय करतो, गॅरेजवर पाठवा." चार पैसे घरात येऊ लागले की ते पोर परत वर्गात बसत नाही. हे मी माझ्या वर्गात पाहिलेले आहे. नववीतला एक हुशार मुलगा "दोन महिन्यांसाठी" म्हणून गेला, तो आजही कामावरच आहे.

मुलीची कथा याहून अवघड. आईला घर धुवायला, धाकट्यांना सांभाळायला हात हवा असतो, आणि तो हात मोठ्या मुलीचा. पुढे स्थळ येते. वडीलधाऱ्यांनो, संकटात घेतलेला लग्नाचा निर्णय हा पुष्कळदा मुलीचा विचार करून घेतलेला नसतो, घरातले एक ताट कमी व्हावे म्हणून घेतलेला असतो. कडू वाटले तरी बोललेच पाहिजे. आणि अठरा वर्षांच्या आतील मुलीचे लग्न लावण्यास कायद्यानेही बंदी आहे.

आता कायद्याचे थोडे, कारण हे पालकांना ठाऊक नसते. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला एक शाळा सोडून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जावे लागले, तर शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला एवढ्या कारणावरून त्याचा प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही परत पाठवता येत नाही. मात्र हे आठवीपर्यंतच. नववी-दहावीला या कायद्याचा आधार नाही. तेथे मुख्याध्यापकांना भेटून, गरज पडल्यास जमातीचे चार जण बरोबर घेऊन काम करून घ्यावे लागते. शिक्षण सुटूनच गेले असेल, तर दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. हा रस्ता कमीपणाचा नव्हे.

संकट नेहमी पावसाबरोबरच येते असेही नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणले गेले. त्यांत आपल्याकडचीही कुटुंबे होती. कमावता माणूस रिकाम्या हाताने परतलेला, आणि तिकडे इंग्रजीत शिकणारे पोर भर वर्षात गावच्या शाळेत येऊन बसलेले! अशा मुलाला पहिले काही महिने काही उमगत नाही, ते गप्प राहते, आणि लोक त्याला ढ ठरवतात. आखातात आजही आपली माणसे आहेत. असे मूल वर्गात आले तर, माझ्या शिक्षक बंधूंनो, त्याला मागच्या बाकावर टाकू नका.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे भूकंपग्रस्त मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची सोय केली. एवढे मोठे काम आपल्याच्याने होईल न होईल. पण जमातखान्याची एक खोली, दोन सतरंज्या, बारावी झालेल्या दोन मुली आणि संध्याकाळचे दोन तास, एवढे तर प्रत्येक मोहल्ल्यात आहे. शाळेची इमारत पुन्हा उभी राहीपर्यंत मुलांना ठरल्या वेळी एका जागी बसवावे. धडा थोडा कमी झाला तरी चालेल. बसण्याची सवय मोडता कामा नये. भ्यालेल्या मुलालाही त्या ठरलेल्या वेळेचा मोठा आधार असतो.

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्यासाठी एक काम सांगतो. मे महिना संपण्यापूर्वी घरातील सर्व दाखले, गुणपत्रिका, जन्मदाखले, बँकेचे पुस्तक एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड घट्ट बांधा आणि घरातील सर्वांत उंच जागी ठेवा. प्रत्येक कागदाचा फोटो काढून आखातातील चुलत्याला किंवा मुंबईच्या मामांना पाठवून द्या. एवढे करूनही कागद भिजलाच, तर तो ओढून सोडवू नका. स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन, रद्दीच्या कागदांत ठेवून सावलीत वाळवा. आणि गुणपत्रिका गेलीच तर रडत बसू नका. तुमचे नाव व जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरात असते, बोर्डाकडून दुसरी प्रत मिळते. अर्ज कसा लिहावा ते विचारायला आमच्याकडे शाळेत या, रविवार सोडून कोणत्याही दिवशी.