कळ एक, यंत्रे दोन

(माहिती व प्रसिद्धीचे काम करणाऱ्या सहकाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषणाचा मजकूर)



आपणांपैकी काहीजण दूरचित्रवाणीवर वक्ते म्हणून गेले असतील, काहींनी ग्रामसभेचे वा शाळेच्या समारंभाचे थेट प्रक्षेपण करविले असेल. नियंत्रण कक्षाच्या दारापर्यंत आपण पोहोचलेले आहात. आज दाराच्या आत डोकावू.

कक्षाच्या मध्यभागी स्विचर असतो. कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र प्रेक्षकांकडे जावयाचे, हे त्याच्या कळांवर ठरते. आधी चित्रित केलेली क्लिप मात्र सहसा त्याच्यात नसते; ती सर्व्हर नावाच्या वेगळ्या यंत्रात साठविलेली असते.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी चित्रफीत दाखवावयाची तर फितीने वेग धरून चित्र स्थिर होईपर्यंत काही सेकंद जात. निर्माता आधीच इशारा देई, फितीच्या यंत्रापाशी बसलेला तंत्रज्ञ ती सोडी, आणि मनातल्या मनात आकडे मोजून स्विचरवरचा हात पडे. तिघांचा ताल चुकला की पडद्यावर काळोख! पुढे फितीची जागा सर्व्हरने घेतली आणि हे तिघांचे काम एका बोटाखाली आले.

ते कसे, हे पाहण्यासारखे आहे. सर्वांत साध्या जोडणीत स्विचर तारेवरून केवळ ‘चालू’ एवढाच इशारा देतो. कोणती क्लिप, हे सांगण्याची सोय तीत नाही. दुसऱ्या प्रकारात दोन्ही यंत्रे ठरलेल्या सांकेतिक भाषेत बोलतात. सोनीच्या फितयंत्रांसाठी तयार झालेली नऊ टाचण्यांच्या जोडणीची भाषा अनेक सर्व्हरही जाणतात. तिचा वेग सेकंदाला ३८,४०० बिट. ‘चालव’ ही आज्ञा अवघ्या तीन बाइटांची, म्हणजे ती पोहोचण्यास सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. सर्व्हरसाठी पुढे झालेल्या भाषांत क्लिप नावाने मागविता येते. ते नाव स्विचरच्या स्मृतीत नोंदविले की एका कळीने क्लिप सज्ज होते आणि दुसरीने सुरू.

तरीही आज्ञा पोहोचणे आणि चित्र हलू लागणे यांत अंतर राहतेच. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. सर्व्हरला सुरू होण्यास पाच फ्रेम लागत असतील, तर तो आकडा स्विचरमध्ये भरावा लागतो. मग स्विचर आधी आज्ञा देतो, पाच फ्रेम थांबतो, आणि नंतरच चित्र बदलतो. हा आकडा न भरल्यास क्लिप क्षणभर गोठलेली दिसते. पुष्कळदा दोष सर्व्हरला दिला जातो. तो बिचारा निरपराध असतो.

आता मुद्द्याचे. नऊ टाचण्यांच्या त्या भाषेत आज्ञा मिळाल्याची पोच ९ मिलिसेकंदांत परत यावी असा दंडक आहे. पण आपल्या आवक-जावक टेबलावर पोच मिळाली म्हणजे अर्ज वाचला गेला, असे कोणी मानतो काय? यंत्राचेही तसेच.

एका पावसाळ्यात धरणातून पाणी सोडण्यापूर्वीची सूचना थेट कार्यक्रमात द्यावयाची होती. मी कक्षात उभा होतो. क्लिप सज्ज झाली, तपासणीच्या पडद्यावर पहिली फ्रेम दिसली, कळ दाबली गेली, पोच बिनचूक. अर्ध्या मिनिटाने नदीकाठच्या गावांची यादी आली, ती मागील वर्षीची! दोन गावे तीत नव्हती. दोन्ही क्लिपांची नावे जवळजवळ सारखी, आणि दोहोंची पहिली फ्रेम तीच शीर्षकपाटी. पहिली फ्रेम पाहून फरक कळणे शक्यच नव्हते. निवेदिकेने लगेच दोन्ही गावांची नावे वाचून दाखविली, म्हणून निभावले. पूर्वीचा तंत्रज्ञ फीत चढविताना तिच्या डबीवरील तारीख वाचीत असे. ते वाचन त्याच्या कामाच्या यादीत कोठेच लिहिलेले नव्हते, म्हणून खुर्ची गेली तेव्हा तेही कोणाच्या लक्षात न येता गेले.

तेव्हापासून आम्ही क्लिपच्या नावातच वर्ष व दिनांक घालतो, शीर्षकपाटीवरही तो लिहितो आणि कालबाह्य क्लिप कार्यक्रमापूर्वी सर्व्हरवरून काढून टाकतो. शिवाय सूचनेची क्लिप असल्यास संबंधित खात्याचा एक माणूस ती सकाळी आरंभापासून शेवटपर्यंत पाहतो आणि नोंदवहीत सही करतो. या सहीसाठी खात्याकडून माणूस मिळविणे, हे मात्र नऊ टाचण्यांच्या जोडणीपेक्षा अवघड जाते.