नेम आणि खाडा



व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी मला विषय दिला तो असा: नव्या वर्षात आपले संकल्प तडीस नेण्याची उमेद आणायची कुठून? खरं तर हा विषय एखाद्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना द्यायला हवा. पण संकल्प मोडल्यावर माणसं प्राध्यापकांकडे जात नाहीत, डॉक्टरकडे येतात. त्यातही आम्हा होमिओपॅथीवाल्यांकडे, कारण आम्ही तासभर ऐकून घेतो अशी आमची ख्याती आहे. बेळगावात पस्तीसहून अधिक वर्षं मी हे ऐकत आलो आहे. त्या ऐकण्यातून जे हाती लागलं, तेवढंच आज तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्यासारख्या सीमेवरच्या घरांना नव्या वर्षांचा तुटवडा नाही. 1 जानेवारी आहे. गुढीपाडवा आहे, आणि त्याच दिवशी शेजारच्या कन्नड घरातून युगादीचा बेवु-बेल्ल, म्हणजे कडुनिंब आणि गूळ, आपल्याकडे येतो. व्यापाऱ्यांचं 1 एप्रिल आहे, दिवाळीचा पाडवा आहे, आणि आम्हा जैनांचं वीर निर्वाण संवतही दिवाळीलाच बदलतं. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी 2014 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला लोक व्यायामशाळेत जास्त जातात, असं त्यांना दिसलं. म्हणजे पाडव्याचा हुरूप खोटा नसतो. फक्त तो पाडव्यापुरता असतो. माझ्याकडे येणाऱ्यांची अडचण सुरुवातीची नसतेच. ती असते अकराव्या दिवसाची.

त्या दिवशी माणूस येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, हुरूपच येत नाही हो. आला की परत सुरू करतो."

आमच्या शास्त्राचे जनक हानेमान यांनी 1810 साली 'ऑर्गेनॉन' प्रसिद्ध केलं. त्यात त्यांनी वैद्याला एक शिस्त घालून दिली: रुग्ण बोलत असताना मध्ये बोलू नये, आणि त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं. होमिओपॅथीवर तुमचा विश्वास असो वा नसो, त्यावर आज वाद घालायला मी आलेलो नाही. पण या लिहून घेण्याचा उपयोग मी रोज पाहतो. दोन महिन्यांनी माणूस येतो आणि सांगतो, "काही फरक नाही." मी जुना कागद काढून वाचतो: "रात्री तीनदा उठावं लागतं, जिना चढताना दोनदा थांबतो." तो जरा गप्प होतो आणि म्हणतो, "हां, जिन्याचं म्हणाल तर आता थांबत नाही." सुधारणा झालेली असते, त्याला ती दिसलेली नसते. माणूस आपली मागची अवस्था फार लवकर विसरतो. मग पुढे सरकल्याचं समाधान नाही, आणि समाधान नाही म्हणून हुरूप नाही. तेव्हा संकल्प करायचा असेल तर आज आपण कुठे आहोत ते आधी एका कागदावर, आपल्या साध्या बोलीत लिहा आणि तारीख घाला. हुरूप काम सुरू करण्याआधी येईल म्हणून वाट पाहू नका. झालेलं काम डोळ्यांना दिसलं की तो मागून येतो.

आता 'संकल्प' या शब्दाकडेच पाहा ना. तुमच्या घरी सत्यनारायण झाला असेल, वास्तुशांत झाली असेल. गुरुजी हातावर पाणी घ्यायला सांगतात आणि काय म्हणतात? कोणता संवत्सर, कोणता महिना, कोणती तिथी, कोणत्या नदीचं कोणतं तीर, करणारा कोण, त्याचं गोत्र काय, आणि तो कोणतं कर्म करणार आहे. इतका तपशील झाल्यावरच पाणी सुटतं. मी जैन, घरी होमहवन नाही. पण मित्रांच्या घरी हे ऐकताना दर वेळी वाटतं की संकल्प म्हणजे काय हे या लोकांना नीट ठाऊक होतं. आपण त्यातले देश आणि काल गाळले आणि नुसती इच्छा ठेवली. "यंदा तब्येतीकडे बघायचं" ही झाली इच्छा. "रात्री दुकान बंद केल्यावर कुलपाची किल्ली खिशात टाकली की आधी चौकापर्यंत चालत जायचं, मग घरी" हा झाला संकल्प. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अशा "अमुक झालं की तमुक करीन" पद्धतीच्या ठरावांवर बरंच काम केलं आहे आणि नुसत्या इच्छेपेक्षा ते अधिक तडीस जातात असं दाखवलं आहे. आपल्या गुरुजींना त्याचं नवल वाटणार नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. आमच्या समंतभद्र आचार्यांच्या 'रत्नकरंड श्रावकाचार' या ग्रंथात यम आणि नियम यांत भेद केला आहे. जन्मभरासाठी धरायचा तो यम, ठरावीक काळासाठी धरायचा तो नियम. आणि हा काळ केवढा असावा? त्यांनी केलेली यादी वाचण्यासारखी आहे: एक दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, सहा महिने. एका रात्रीचाही नियम असतो! आमच्या बायका त्याला 'नेम' म्हणतात. चातुर्मासात कुणी गुळाचा नेम घेतं, कुणी रविवारी मीठ सोडतं. श्वेतांबर बंधूंमध्ये नवकारशी म्हणून एक व्रत आहे: सूर्योदयानंतर 48 मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. मोठ्या उत्साहानं कुणी मुनींपुढे जन्मभराचा त्याग मागायला गेलं, तर ते पुष्कळदा त्याला थांबवून विचारतात, "पेलेल का? आधी महिन्याचा घे." आणि त्यांच्या पच्चक्खाणात, म्हणजे त्यागाच्या प्रतिज्ञेत, अपवादही आधीच बोलून ठेवलेले असतात. नकळत घडलं, अचानक घडलं, तर प्रतिज्ञा मोडली असं धरायचं नाही. त्याला 'आगार' म्हणतात. पळवाट वेगळी आणि आगार वेगळा. पळवाट मागाहून शोधतात, आगार आधी सांगतात.

इथवर मी सांगितलं ते थोडंफार तुम्हाला ठाऊक असेल. आता जे सांगायचं आहे त्यासाठी खरं तर मी हा विषय स्वीकारला.

माझ्याकडे येणारे एक दुकानदार, वय अठ्ठावन्न. मधुमेह जुना, त्याच्या गोळ्या दुसऱ्या डॉक्टरांच्या चालू, माझ्याकडे अंगाच्या खाजेसाठी यायचे. एका 1 जानेवारीला त्यांनी घरात जाहीर केलं की आजपासून जन्मभर गोड बंद आणि रोज पहाटे पाच वाजता तासभर चालणं. तेरा दिवस निभावलं. संक्रांतीला कुणाकडे तरी तिळगूळ हातावर आला आणि तो तोंडात गेला. एवढंच झालं. पण दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, मोडलंच आहे तर आता काय, आणि जिलबी आणली. आठवड्याभरात पहाटेचं चालणंही थांबलं. मग रक्ताची तपासणी थांबली, कारण तपासलं की आकडा दिसणार. डॉक्टरांकडे जाणं थांबलं, कारण गेलं की ते विचारणार. माझ्या गल्लीतून जाताना ते मान खाली घालून जात, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. आषाढात नवी चप्पल चावली, पायाला जखम झाली. तीन आठवडे ती त्यांनी घरातल्यांपासूनही लपवली. माझ्याकडे आले तेव्हा अंगठ्याजवळचं बोट काळं पडलं होतं. त्याच तासाला रिक्षात घालून त्यांना सर्जनकडे पाठवलं. बोट काढावं लागलं, पाऊल वाचलं.

बोट साखरेनं गेलं, हे वैद्यकीय सत्य. पण तपासणी सहा महिने थांबली ती लाजेनं. तिळगुळाच्या एका वडीनं कुणाचं बोट जात नाही.

आमच्या शास्त्रात व्रत ढळण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार. अमितगती आचार्यांच्या सामायिक पाठात त्या क्रमानं येतात. समजावून सांगताना म्हाताऱ्या बैलाचं उदाहरण देतात. बैल कुंपणाबाहेर उभा आहे आणि हिरवं पीक पाहून त्याच्या मनात येतं, खावं, हा अतिक्रम. तो कुंपणातून तोंड आत घालतो, हा व्यतिक्रम. एक घास तोडतो, हा अतिचार. आणि कुंपण मोडून आत शिरतो, वाटेल तसा चरतो, तो अनाचार. आता पाहा, एक घास घेतलेला बैल अजून कुंपणाच्या बाहेरच उभा आहे. त्याला वळवता येतं. अतिचार झालेला श्रावक व्रतीच राहतो. व्रताला डाग लागला, व्रत गेलं नाही. म्हणून तर त्यासाठी आलोचना आहे, प्रतिक्रमण आहे. प्रतिक्रमण या शब्दाचा अर्थच मागे फिरणं. आणि ते कधीतरी एकदा नाही, रोज करायचं सांगितलं आहे. म्हणजे माणूस रोज थोडाफार ढळणार, हे धरूनच सगळी बांधणी केली आहे.

आमच्या दुकानदारांकडे तिळगुळासाठी शब्द एकच होता: मोडलं. तिसरी आणि चौथी पायरी त्यांना एकच वाटली.

हे केवळ धर्मात सांगितलं आहे म्हणून मी मांडत नाही. एकवीस दिवस केलं की सवय लागते, असं तुम्ही ऐकलं असेल. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्याचा पुढे लोकांनी मंत्र केला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर बारा आठवडे प्रत्यक्ष अभ्यास केला, तो 2010 साली छापून आला. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात असं निघालं, पण कुणाला 18 तर कुणाला 254. याहून महत्त्वाचं म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यात फारसा फरक पडत नाही असं त्यांना आढळलं. एक खाडा म्हणजे एक खाडाच. त्याला मोठं करतो तो आपला अभिमान. मला तर वाटतं, पहिल्या चुकीनंतर सगळं सोडून देणारा माणूस आळशी नसतो, मानी असतो. "मी केलं तर पूर्ण, नाहीतर नाहीच" हे बाणेदार वाटतं खरं, पण रक्तातल्या साखरेला बाणेदारपणा कळत नाही.

आणि घरच्यांनो, थोडं तुमच्याकडेही वळतो. सम्यग्दर्शनाची जी आठ अंगं आमच्याकडे सांगतात, त्यांत एक आहे स्थितिकरण: ढळणाऱ्याला पुन्हा जागेवर स्थिर करणं. ते नुसतं ढळणाऱ्याचं काम नाही, शेजारी उभ्या असलेल्याचंही आहे. त्या दुकानदारांच्या घरी संक्रांतीच्या संध्याकाळी कुणीतरी हसून म्हणालं होतं, "झालं का? संपला का जन्मभर?" थट्टाच होती, आपल्या घराघरांत चालते तशी. पण तिची किंमत मोजायची तर कुठल्या मापानं मोजायची, सांगा.

इस्पितळातून आल्यावर त्यांनी जो नेम घेतला तो एकच महिन्याचा होता. दर सोमवारी साखर तपासायची आणि आकडा काहीही असो, त्यांच्या डॉक्टरांना नेऊन दाखवायचा. गोडाबद्दल त्यात अक्षर नव्हतं. महिना झाला की ते तो पुन्हा घेतात. आकडे नेहमी चांगले असतात असं नाही. पण मान वर करून येतात.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर सगळं आजारावरच नेतात. तसं नाही. एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे सांधेदुखीसाठी येतात. त्यांचे आजोबा कोकणातून घाट चढून इकडे आले. ते कसे आले, कुठे राहिले, घरात कानडी कसं शिरलं, हे सगळं लिहून ठेवायचं असं त्यांच्या दहा वर्षं मनात होतं. नातवंडं बंगळुरात, मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. दर 1 जानेवारीला नवी वही यायची आणि फेब्रुवारीत तिच्यात वाण्याचा हिशेब सुरू व्हायचा. गेल्या वर्षी त्यांनी नेम घेतला: आषाढीपासून कार्तिकीपर्यंत, दुपारचा चहा झाला की वाळत घातलेले कपडे काढायच्या आधी अर्धं पान. आगार तीन: पाहुणे, ताप, लग्नकार्य. आणि खाडा झालाच तर त्या दिवशी तारीख घालून कारण एका ओळीत लिहायचं, पान फाडायचं नाही.

कार्तिकीनंतर त्या वही घेऊन आल्या. चार महिन्यांत चाळीसच्या आसपास खाडे. कारणं अशी: "नळाला पाणी आलं, भरत बसले." "नातीचा फोन, दीड तास." "आजोबांच्या मृत्यूपर्यंत आले, लिहवेना." बाकी वही भरलेली. आता दर रविवारी त्या ते फोनवर नातीला वाचून दाखवतात, आणि नात मध्येच थांबवून विचारते, की या गावाचं नाव कसं लिहितात?

मी त्यांना विचारलं, पुढचा नेम आता वर्षाचा घ्यायचा का? त्यांनी वही पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "वर्षाचं कुणी बघितलंय? संक्रांतीपर्यंत धरा. आणि या वेळी आगारात नळाचं पाणी घाला."