चेहरा सर्वांचा, पुस्तक काहींचे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्थव्यवस्थेची चर्चा म्हटली की पोलाद, कापड, साखर, धान्य हे मोठे विषय सहज डोळ्यांपुढे येतात आणि ते योग्यच आहे. परंतु बाजाराचे नियम समाजाच्या कोणत्या कोपऱ्यापर्यंत जाऊन पोहोचले आहेत हे पाहावयाचे असेल, तर एखादी लहानशी, निरुपद्रवी वाटणारी वस्तू हाती घेऊन तिचा हिशेब मांडणे अधिक उपयोगी पडते. अमेरिकेतील शाळांत दरवर्षी निघणारे ‘इयरबुक’ आणि त्यासाठी काढण्यात येणारी विद्यार्थ्यांची छायाचित्रे ही अशीच एक वस्तू आहे.

इयरबुक म्हणजे शाळेच्या एका वर्षाचा सचित्र ग्रंथ. जाड पुठ्ठ्याची बांधणी, गुळगुळीत कागद, रंगीत छपाई. आत इयत्तावार प्रत्येक विद्यार्थ्याचे छायाचित्र व त्याखाली नाव. शिवाय खेळ, नाटके, संगीत, स्नेहसमारंभ यांचा वृत्तान्त. वर्ष संपताना मुले ते एकमेकांपुढे धरतात, सह्या घेतात, निरोपाच्या दोन ओळी लिहून घेतात. माणसे ते पुस्तक आयुष्यभर जपतात. या भावनेत हसण्यासारखे काही नाही. सामान्य माणसाच्या मुलाचे नाव व चेहरा छापील पुस्तकात येतो, असा प्रसंग त्याच्या आयुष्यात कदाचित हा एकच असतो. म्हणूनच त्या भावनेच्या आधारे व्यवहार कोण करतो आणि कसा करतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

तेथील सार्वजनिक शाळांतील शिक्षण मोफत आहे. इयरबुक मात्र बहुधा विकत घ्यावे लागते. त्याची किंमत सामान्यतः ५० ते १०० डॉलरच्या दरम्यान असते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने ठरविलेले किमान वेतन २००९ सालापासून ताशी ७.२५ डॉलर या आकड्यावर थांबलेले आहे. अनेक राज्यांनी त्याहून अधिक वेतन ठरविले आहे हे खरे. परंतु जेथे केंद्रीय दरच लागू आहे, तेथे ७५ डॉलरच्या एका पुस्तकासाठी किमान वेतनावरील आईला वा बापाला दहा तासांहून अधिक काम करावे लागते. घरात दोन मुले असली तर हा भार दुप्पट होतो. छायाचित्रांच्या संचाचे पैसे पुन्हा वेगळे.

ही प्रथा मुळात व्यापाऱ्यांनी निर्माण केलेली नव्हती. बॉस्टन परिसरातील जॉर्ज वॉरन हा छायाचित्रकार १८६०च्या दशकात हार्वर्डसारख्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची छायाचित्रे काढीत असे. मुले आपल्या प्रती परस्परांना देत आणि जमलेल्या प्रतींचे संग्रह बांधून घेत. त्याआधीच्या पद्धतीत एका वेळी एकच चित्र निघे. काचेच्या निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढण्याची सोय झाली आणि अशी देवघेव शक्य झाली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाफटोन ठोकळ्यांच्या साहाय्याने छायाचित्र मजकुरासोबत छापता येऊ लागले, तेव्हा संग्रहाची जागा छापील पुस्तकाने घेतली. या प्रत्येक टप्प्यावर तंत्राने एकच गोष्ट साधली : पहिल्या प्रतीनंतरची प्रत स्वस्त केली. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण पुढील सारा हिशेब त्यावर उभा आहे.

या पुस्तकाचे उत्पादन कसे होते? मजकूर लिहिणे, छायाचित्रे टिपणे, पानांची मांडणी करणे ही कामे बहुतेक शाळांत विद्यार्थीच एखाद्या शिक्षकाच्या देखरेखीखाली करतात. कित्येक शाळांत तो एक रीतसर अभ्यासविषय असतो. पूर्वी मुले आखलेल्या तक्त्यांवर पानांचा आराखडा करून पाठवीत, आणि अक्षरजुळणी, निगेटिव्ह तयार करणे, प्लेटा करणे ही कामे छापखान्यातील कुशल कामगार करीत. १९८०च्या दशकात संगणकावर पाने लावण्याची सोय झाली. आज मुले कंपनीने पुरविलेल्या संगणक-प्रणालीवर छपाईसाठी जवळजवळ तयार असे पान करून देतात. म्हणजे जुळाऱ्याचे वेतनाचे काम विद्यार्थ्याच्या विनावेतन कामात गेले. मुलांना त्यातून शिक्षण मिळते हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या बदलात जी बचत झाली ती कोणाच्या पदरात पडली, हे विचारण्याचा हक्क त्या मुलांना व त्यांच्या पालकांना निश्चितच आहे.

यानंतर छापखान्याचे काम येते. सोळा-सोळा पानांचे फर्मे ऑफसेट यंत्रावर छापावयाचे, घड्या घालून शिवावयाचे व पुठ्ठ्याची बांधणी करावयाची. यांतील मोठा खर्च पहिली प्रत हाती येईपर्यंतच होऊन जातो. यंत्र लावणे, प्लेटा, मुखपृष्ठाची सजावट, संपादन हा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच हजार प्रतींना. प्रतीगणिक वाढतो तो कागद, शाई, बांधणी व वाहतूक यांचा खर्च.

हे स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शाळेत एक हजार मुले आहेत. पुस्तकाचा स्थिर खर्च १०,००० डॉलर व प्रत्येक प्रतीमागे वाढणारा खर्च १० डॉलर आहे असे समजावे. चारशे मुलांनीच पुस्तक घेतले तर स्थिर खर्चापोटी प्रत्येकी २५ डॉलर व प्रतीचे १० मिळून किंमत ३५ डॉलर पडते. तेच पुस्तक हजारही मुलांना दिले तर स्थिर खर्चापोटी १० व प्रतीचे १० मिळून प्रत २० डॉलरला पडते. पहिल्या रीतीने एकूण खर्च १४,००० डॉलर, दुसऱ्या रीतीने २०,०००. फरक केवळ ६,००० डॉलरचा, आणि तेवढ्यात वगळलेल्या सहाशे मुलांच्या हाती पुस्तक येते. उलट ज्याला परवडेल त्यानेच घ्यावे असे म्हटले की किंमत चढते; ती चढली की आणखी काही मुले गळतात; ती गळली की किंमत आणखी चढते. गरिबाला वगळण्याची किंमत पुस्तक घेणाऱ्या मध्यमवर्गीयालाही मोजावी लागते. त्यात प्रतींची संख्या करारात आधीच ठरलेली असते व न खपलेल्या प्रतींचा भुर्दंड बहुधा शाळेवर पडतो. म्हणून शाळाही त्या धोक्यापोटी किमतीत काही भर घालून ठेवते.

छायाचित्रांच्या व्यवहारात तर ही गोष्ट अधिक उघडपणे दिसते. ठरलेल्या दिवशी कंपनीचा छायाचित्रकार शाळेत येतो आणि सर्व मुलांचे, पैसे देणाऱ्यांचे व न देणाऱ्यांचेही, छायाचित्र काढतो. शाळेला ओळखपत्रे व इयरबुकसाठीची चित्रे विनामूल्य मिळतात. पुष्कळदा पालकांना विकलेल्या संचांवर ठरावीक वाटाही मिळतो. मोबदल्यात कंपनीला मिळते ती त्या शाळेपुरती मक्तेदारी. एका मुलाच्या चित्राला लागतो क्षणभराचा वेळ; संचाच्या किमतीत मात्र न विकलेल्या चित्रांचा खर्च, शाळेचा वाटा, कंपनीच्या प्रतिनिधीची दलाली व नफा हे सारे सामावलेले असते. आणखी एक पद्धत अशी की, मागणी नसतानाच छापलेल्या चित्रांचा संच मुलाच्या दप्तरातून घरी पाठवावयाचा. पालकांनी पैसे पाठवावेत अथवा संच परत करावा. आपल्याच लेकराचा हसरा चेहरा ‘परवडत नाही’ म्हणून पाकिटात घालून परत पाठविताना आईला काय वाटत असेल, आणि ते पाकीट वर्गात सर्वांदेखत शिक्षकांच्या हाती देताना त्या मुलाला काय वाटत असेल, याची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही. विक्रीचे हे तंत्र त्या संकोचावरच चालते.

येथे शाळेला खलनायक ठरविणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. शाळा हा वाटा घेते, कारण क्रीडासाहित्य, सहली, ग्रंथालय यांसाठी तिला पुरेसा सार्वजनिक निधी मिळत नाही. म्हणजे जो पैसा करातून, ऐपतीच्या प्रमाणात, समाजाने द्यावयाचा, तो छायाचित्राच्या किमतीत मिसळून गरीब व श्रीमंत पालकांकडून एकाच दराने वसूल होतो. शुद्ध अर्थशास्त्रीय भाषेत बोलावयाचे तर हा एक अप्रत्यक्ष कर आहे, आणि तोही वसुलीचे काम खाजगी कंपनीकडे सोपविलेला.

या धंद्याच्या मालकीचा इतिहास समाजवाद्यांनी विशेष अभ्यासावा असा आहे. १९३६ साली, महामंदीच्या काळात, मिनेसोटा राज्यात ब्रूस राइनेकर व एल्डन रॉथगेब या दोघांनी खेडोपाडीच्या शाळांत हिंडून मुलांची छायाचित्रे काढण्याचा व्यवसाय सुरू केला. त्यातूनच पुढे ‘लाइफटच’ ही या क्षेत्रातील बलाढ्य कंपनी उभी राहिली. कामगारांच्या भागयोजनेद्वारे ती संपूर्णपणे कर्मचाऱ्यांच्या मालकीची होती. २०१८ साली ती ‘शटरफ्लाय’ या कंपनीला ८२ कोटी ५० लक्ष डॉलरना विकण्यात आली. दुसऱ्याच वर्षी, २०१९ साली, खुद्द शटरफ्लाय ही ‘अपोलो’ या वित्तसंस्थेच्या निधींनी सुमारे २७० कोटी डॉलरना घेतली. इयरबुके व शालेय अंगठ्या करणारी ‘जॉस्टेन्स’ ही जुनी कंपनीही २०१८ साली ‘प्लॅटिनम इक्विटी’ या अशाच संस्थेकडे सुमारे १३० कोटी डॉलरना गेली. शाळकरी मुलांच्या छायाचित्रांत भांडवलाला एवढे स्वारस्य का वाटावे? कारण येथे गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. कायदाच ते दरवर्षी शाळेत आणून बसवितो.

लाइफटचच्या कथेतून एक कटू धडाही घ्यावा लागेल. कर्मचाऱ्यांची मालकी ही मोलाची गोष्ट आहे. परंतु ती केवळ भागांच्या रूपाने असेल, आणि ग्राहकाशी असलेले नाते पूर्वीचेच, मक्तेदारीचे राहणार असेल, तर त्या भागांना चांगला भाव येताच ती मालकी विकली जाऊ शकते. उत्पादनाची मालकी आणि वितरणाचा न्याय हे दोन प्रश्न एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

या विवेचनावर एक आक्षेप हमखास घेण्यात येतो : ‘इयरबुक घेण्याची सक्ती कोणावरही नाही, शिवाय गरीब मुलांना सवलतीने प्रती देता येतात.’ याचे उत्तर एका निराळ्या प्रकरणात सापडते. १९८४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘हार्टझेल विरुद्ध कॉनेल’ या खटल्याचा निकाल दिला. तो इयरबुकविषयी नव्हता. शाळेतील नाटक, संगीत व खेळ यांत भाग घेण्यासाठी आकारलेल्या शुल्काविषयी होता. असे उपक्रम शिक्षणाचेच अंग असल्याने मोफत शिक्षणाची घटनात्मक हमी त्यांनाही लागू होते, असे न्यायालयाने ठरविले. गरिबांना शुल्कमाफी दिलेली आहे हा बचावही त्याने मान्य केला नाही. कारण मोफत शिक्षण हा सर्वांचा हक्क आहे, गरजूंना द्यावयाची मदत नव्हे. समाजवादी विचाराचे सार यात आले आहे. माफीसाठी अर्ज करावयाचा म्हणजे प्रथम आपल्या दारिद्र्याची नोंद करावयाची. हक्काला अशा अर्जाची गरज नसते.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना ही कथा परकी वाटू नये. शाळेच्या पायऱ्यांवर, पुढच्या बाकावर गुरुजन व मागे ओळीने मुले, असा वर्गाचा फोटो येथेही पिढ्यान् पिढ्या निघत आला आहे. त्या फोटोत उभा असलेला, पण प्रत घेण्याइतके पैसे घरून न मिळालेला मुलगा कोणत्या गावात नव्हता? दुसरीकडे, महाविद्यालयाच्या वार्षिक नियतकालिकासाठी सर्वांकडून थोडी रक्कम घेऊन अंक सर्वांना देण्याची रीतही येथे जुनी आहे. हिशेबाच्या दृष्टीने ती अधिक शहाणपणाची आहे, हे वरील उदाहरणावरून दिसून येईल. अलीकडे मात्र बालवाडीच्या मुलांनाही झगे व टोप्या घालून ‘पदवीदाना’ची छायाचित्रे काढणे, संमेलनाचे अल्बम विकणे हे प्रकार खाजगी शाळांत रूढ झाले आहेत. अमेरिकेतील प्रथा येथे येताना तिची भावना आणि तिचा व्यापार अशा दोन्ही गोष्टी एकदमच येतात.

याला प्रतिकार करण्याची साधने कायद्याने दिलेली आहेत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार, प्राथमिक शिक्षणात अडथळा ठरेल असे शुल्क वा खर्च बालकावर लादता येत नाही. महाराष्ट्राच्या २०११च्या शुल्क विनियमन कायद्याने शाळाशाळांत पालक-शिक्षक संघ व त्याची कार्यकारी समिती यांना शुल्काच्या प्रश्नात स्थान दिले आहे. या सभांना कार्यकर्त्यांनी गेले पाहिजे. छायाचित्रकाराशी करार कोणी केला, निविदा मागविल्या होत्या काय, संस्थेला वाटा किती मिळाला व तो कोठे खर्च झाला, हे प्रश्न शांतपणे पण लेखी विचारले पाहिजेत. मागणीही स्पष्ट असावी : फोटो निघेल तर प्रत प्रत्येक मुलाला मिळेल, आणि तिचा खर्च शाळेच्या सामाईक निधीतून होईल.

हा प्रश्न काही रुपयांचा वा डॉलरांचा आहे म्हणून तो क्षुल्लक मानू नये. पुस्तक पूर्ण व्हावे म्हणून शाळेला प्रत्येक मुलाचा चेहरा हवा असतो. मग ते पुस्तक वाटण्याच्या दिवशी त्यांतील कित्येक मुले रिकाम्या हाताने घरी जातात, हे कोणत्या न्यायाला धरून आहे? सार्वजनिक शाळा ही समतेची पहिली कार्यशाळा असते. तेथे सर्वांच्या सहभागाने जे निर्माण होते ते सर्वांच्या हाती गेले पाहिजे. मुलांना समतेचा पाठ पाठ्यपुस्तकातून द्यावयाचा आणि निरोपाच्या दिवशी त्याच्या उलट अनुभव द्यावयाचा, तर त्यांच्या ध्यानात अनुभवच राहणार.