उतारवय आणि फुप्फुसावरील शस्त्रक्रिया

घरांतील वडील माणसाच्या फुप्फुसांत कर्करोगाची गांठ आहे असें डॉक्टरांनीं सांगितलें कीं, पुष्कळ घरांतून एकच उद्गार निघतो : ‘आतां या वयांत शस्त्रक्रिया कशाला ?’ या उद्गारांत माया असते, हें खरें. परंतु मायेनें दिलेला निकाल नेहमींच न्यायाचा असतो असें नाहीं.

१९३३ च्या एप्रिलांत अमेरिकेतील सेंट लुई येथें डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनीं ४८ वर्षांच्या एका डॉक्टराचें कर्करोगग्रस्त डावें फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेंत संबंध काढून टाकलें. तो रुग्ण पुढें सुमारें ३० वर्षें जगला. दैवगति अशी कीं, अनेक वर्षें सिगारेट ओढणारे ग्रॅहॅम स्वतः मात्र १९५७ सालीं याच रोगानें निवर्तले.

संबंध फुप्फुस गमावणें वृद्धास सोसवणें कठीण. उजव्या फुप्फुसाचे तीन व डाव्याचे दोन खंड असतात. म्हणून पुढें केवळ रोगट खंड काढण्याची रीत रूढ झाली. त्याहून लहान भाग काढल्यास रोग त्याच जागीं अधिक वेळां उलटतो, असें १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत आढळलें. परंतु २०२२ सालीं जपानांतील शस्त्रवैद्यांनीं दाखविलें कीं, कडेची गांठ दोन सेंटिमीटरपर्यंतच असेल, तर खंडाचा केवळ एक भाग काढलेले रुग्णही आयुर्मानांत मागें पडत नाहींत. रोग जागच्या जागीं उलटण्याचें प्रमाण मात्र त्यांच्यांत कांहींसें अधिक होतें. शिवाय दुर्बिणीच्या साहाय्यानें लहान छिद्रांतून हें काम होऊं लागल्यापासून बरगड्या फांकविण्याच्या यातना पुष्कळ अंशीं टळल्या आहेत.

म्हणून जाणता शस्त्रवैद्य केवळ जन्मसाल पाहून निकाल देत नाहीं. पहिल्या सेकंदांत रुग्ण किती हवा बाहेर टाकतो, फुप्फुसांतून रक्तांत वायु किती सुलभतेनें जातो, हृदय कसें आहे, जिना चढतांना दम कोठें लागतो, हें तो पाहतो. न थांबतां दोन-तीन जिने चढणारा ७८ वर्षांचा गृहस्थ, अंगणांतच धापा टाकणाऱ्या साठीच्या माणसापेक्षां शस्त्रक्रियेस अधिक योग्य ठरूं शकतो. विडी-सिगारेट सोडणें, रोज चालणें, श्वसनाचा व्यायाम व सकस आहार यांनीं ही योग्यता वाढवितां येते.

तथापि धोके लपवूं नयेत. शस्त्रक्रियेनंतर न्युमोनिया, हृदयाची अनियमित गति, कांहीं दिवसांचा बुद्धिभ्रम हीं संकटें वृद्धांत अधिक संभवतात. रोग दूरवर पसरला असेल, तर गांठ कापून सहसा कांहीं साधत नाहीं. गांठ लहान, पण श्वास अपुरा असेल, तर नेमक्या जागीं थोड्याच बैठकींत किरण देण्याचा उपाय आहे.

हें सर्व जाणून घेण्याचा पहिला अधिकार रुग्णाचा आहे. मुलें ओसरीवर कुजबुजून निर्णय घेतात आणि ज्याच्या छातीचा प्रश्न, तो आंतल्या खोलींत अंधारांत राहतो, हा प्रकार बरा नव्हे. ज्यानें आयुष्यभर घरादाराचे निर्णय घेतले, त्याला स्वतःच्या उरलेल्या वर्षांविषयीं एकदां तरी विचारावें. तो ‘होय’ म्हणेल किंवा ‘नको’ म्हणेल. पण तें उत्तर त्याचें स्वतःचें असावें.