माजरीच्या पगारपत्रकातील दोनशे रुपये
(भाषणाचा पाठ)



वर्धा–बल्लारशा लोहमार्गावरील माजरी जंक्शनचे नाव निघाले की कोळसा आठवतो. भद्रावती तालुक्यातील या परिसरात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत, त्यांच्या आधाराने ठेकेदार, ट्रकमालक, गॅरेजवाले व किराणा दुकानदार यांची उपजीविका चालते. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि कामगाराचा मालक बदलला. त्याच्या पगारपत्रकावर मात्र तेव्हापासून आजतागायत दोन शासनांची नजर आहे. खाणकामगारांविषयीच्या कायद्यांची अंमलबजावणी केंद्राकडे आहे, भविष्य निर्वाह निधीसाठी कोळसा खाणींचा १९४८ चा स्वतंत्र कायदा आहे; आणि त्याच पत्रकातील व्यवसाय कर मात्र राज्याचा आहे.

हा कर रकमेने लहान, पण त्याचा इतिहास मोठा आहे. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर कसास लागली. काम देण्याचे वचन सोपे, त्यासाठी पैसा उभारणे कठीण. यास्तव १९७५ चा व्यवसाय कर अधिनियम आला. पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. कराचे उत्पन्न रोजगार हमी निधीत जावे आणि राज्य शासनाने तेवढीच भर घालावी, अशी ती योजना होती. शहरातल्या कारकुनाने आणि माजरीच्या खाणकामगाराने दिलेल्या रुपयाने दुष्काळी गावातील पाझर तलावाचा बांध उभा राहावा, हा त्यातला हेतू. आज पगारपत्रकातील ही ओळ वाचताना तो फार थोड्यांच्या ध्यानी असतो.

ग्रामपंचायत सदस्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. असा कर राज्य स्वतः बसवीत असल्याने स्थानिक संस्थांना तो वेगळा बसविता येत नाही. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने त्यावर वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती; १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. तेव्हापासून ती तिथेच आहे, दरम्यान वेतन किती पटींनी वाढले हे सांगावयास नको. आज मासिक वेतन १०,००० रुपयांहून अधिक असणाऱ्या पुरुष कामगाराकडून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये घेतले जातात. ७,५०० रुपयांपर्यंत कर नाही, मधल्या वेतनाला १७५ रुपये आहेत. १ एप्रिल २०२३ पासून स्त्री कर्मचाऱ्यांना २५,००० रुपयांपर्यंत पूर्ण सूट मिळाली. खाणीच्या कार्यालयातील सफाई कामगार महिलेला ही सूट कोणी सांगितली काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. सूट कायद्यात असूनही जुन्या सवयीने कपात चालू राहिली, तर दरमहा दोनशे रुपये तिच्या घरातून जातात.

मालकाच्या बाजूने कायदा कठोर आहे. कपात केली वा न केली, कर भरण्याची जबाबदारी मालकाचीच. कापून घेऊन न भरणारा ठेकेदार कामगारालाही ठकवतो आणि निधीलाही.

ठेकेदारी कामगारांबाबत २१ नोव्हेंबर २०२५ हा दिवस महत्त्वाचा ठरला. त्या दिवशी एकोणतीस जुन्या कायद्यांची जागा घेणाऱ्या चार श्रमसंहिता अंमलात आल्या. नियुक्तिपत्र देणे आवश्यक झाले, मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात दिवसांत द्यावयाचे ठरले, आणि मुदतबंद नेमणुकीच्या कामगारास एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. ठेकेदाराने वेतन बुडविले, तर ते मुख्य मालकाने द्यावयाचे हे तत्त्व १९७० च्या कायद्यातही होते, नव्या संहितेतही राहिले. मात्र ठेका कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची संख्या वीसवरून पन्नास झाली. तेव्हा पंचवीस माणसांचा ठेकेदार कोणत्या बाजूला पडतो, हे तपासून घ्यावे लागेल.

कोळशावरील करही बदलला. २२ सप्टेंबर २०२५ पासून टनामागे ४०० रुपयांचा उपकर गेला व वस्तू आणि सेवा कर ५ वरून १८ टक्के झाला. टनाला १,५०० रुपये किंमत धरली, तर पूर्वी ४७५ रुपये कर होता, आता २७० आहे. ३,००० रुपयांच्या कोळशावर ५५० चे ५४० झाले. सुमारे ३,०७७ रुपयांहून महाग कोळशावर मात्र बोजा वाढला. उपकराची वजावट अन्य करांत मिळत नसे. आता नोंदणीकृत खरेदीदार पूर्ण कर वजा करू शकतो. वीज या करप्रणालीच्या बाहेर असल्याने औष्णिक विद्युत केंद्रांना मात्र हा लाभ नाही, आणि चंद्रपूर जिल्ह्यात हे विसरता येणार नाही.

लहान दुकानदार, ट्रकमालक व ठेकेदार यांनी स्वतःच्या व्यवसाय कराचेही पाहावे. नोकर ठेवले असतील तर मालक म्हणून नोंदणी वेगळी, स्वतःच्या धंद्यासाठी नावनोंदणी वेगळी. स्वतःचा वार्षिक कर ३० जूनपर्यंत भरावयाचा असतो. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना तो लागू नाही. वडिलांच्या नावावरचे दुकान चालविणाऱ्या मुलांनी नोंदणी कोणाच्या नावे आहे, हे एकदा पाहून घ्यावे.