जुन्या फिल्म सोबत आणा



 बाहेरच्यांना मिरज हे गाव सतारी-तंबोऱ्यांचं. पंचक्रोशीला मात्र ते दवाखान्यांचं. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून कर्नाटकातले पेशंटही इथं येत आले.

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर आजार उलटला का, हे स्कॅनवरून ओळखण्याबद्दल इथल्या या परिषदेत आपण बोलणार आहोत. उलटायचा असला तर तो बहुतेकदा पहिल्या तीन वर्षांत उलटतो. मोठ्या आतड्याचं रक्त आधी यकृतात जातं, त्यामुळे पहिली नजर तिथं; गुदाशयाच्या खालच्या भागातलं रक्त मात्र यकृत टाळूनही निघतं, म्हणून फुप्फुसं विसरायची नाहीत.

सीटी किती वेळा करायचा, यावर आज वाद होणारच. ब्रिटनमधल्या ‘फॅक्स’ चाचणीत १२०२ रुग्ण होते. २०१४ च्या निष्कर्षानुसार, जुजबी तपासणीच्या गटात २.३ टक्क्यांवर आजार समूळ काढण्याच्या उद्देशानं पुन्हा उपचार करता आले, सीटीच्या गटात ८ टक्क्यांवर. हा आकडा आपण स्लाइडवर ठळक लावतो. आयुर्मान वाढल्याचं त्यात दिसलं नाही, हे बारीक अक्षरात. स्वीडन, डेन्मार्क आणि उरुग्वेमधल्या ‘कोलोफॉल’मध्ये तीन वर्षांत पाच वेळा तपासलेले आणि दोनदाच तपासलेले, यांच्या पाच वर्षांतल्या मृत्युदरात फरक आढळला नाही.

माझं मत विचाराल तर संख्येपेक्षा तुलना मोठी. रेडिएशन आणि ऑपरेशननंतर माकडहाडापुढं जो व्रण राहतो, तो एकट्या स्कॅनमध्ये गाठीसारखाच दिसतो. पेट स्कॅनही चकवतो: सूज असली तरी उजळतो, आणि म्युसिनस गाठ असली तर फिका राहतो. व्रण आकसतोय की वाढतोय, हे आधीची एमआरआय शेजारी लावल्याशिवाय कळत नाही. आणि जत-अथणीहून आलेल्या माणसाच्या पिशवीत असतो फक्त रिपोर्टचा कागद! दोष त्याचा नाही. आपल्या डिस्चार्ज कार्डावर फिल्म आणि सीडी जपण्याची एक ओळही नसते.

ती ओळ काय असावी, ऑपरेशननंतरचा पहिला स्कॅन कधी करावा आणि संशयित डाग दिसला तर सर्जनला फोन कुणी करायचा, एवढं या परिषदेत ठरवा, अशी यजमान म्हणून माझी मागणी आहे.

चहाबरोबर भडंग ठेवलंय. एमआरआयचं सत्र मात्र वेळेवर सुरू होईल.